सव्वातीन

कुताइसीत, नदीवरचा पूल ओलांडून चढ चढलात
की चांभाराला लागून माझं दुकान.
एक टेबल, एक हीटर,
आणि शाळांनी टाकून दिलेल्या कॉम्प्युटरांची
उघडी पोटं.

लामाराबाई आल्या डिसेंबरात.
डबा शालीत गुंडाळलेला, तान्ह्या पोरासारखा.
म्हणाल्या, बादरी, हा फार विसरभोळा झालाय.
एक फोटो हातात घेतला की दुसरा सोडतो.
याला मेमरी घाल. चार जीबी घाल.
पैसे मोजूनच आणले होते,
पाच-पाच लारीच्या नोटा, रबरात.

मी म्हणालो, चार घालीन,
पण याला दिसतील सव्वातीन.

भाजीवाल्यानं काट्यावर बोट ठेवावं
आणि गिऱ्हाइकानं पाहावं
तशा पाहत राहिल्या माझ्याकडे.

समजावून सांगितलं.
याच्यात विंडोज आहे ती बत्तीस बिटांची.
तिला घरांचे नंबर घालता येतात
सव्वाचार अब्जांच्या आसपास, पुढे तिची पाटी संपते.
त्यातले काही नंबर पडद्याला, काही कार्डांना
आधीच वाटून दिलेले. उरतील तेवढ्यात मेमरी.
राहिलेली पाऊण कुठे जात नाही.
खाचेत बसलेली असते, वीज खाते, कोमट होते.
फक्त तिच्या दाराला नंबर नसतो.

मग चौसष्टवाली टाक, त्या म्हणाल्या.

टाकतो की.
ती चारही बघेल, आठही बघेल, तिला कशाचीच ददात नाही.
पण तुमचा स्कॅनर?

तेव्हा त्या खुर्चीवर बसल्या.

स्कॅनर ओतारचा, त्यांच्या भावाचा.
तो बनवणारी कंपनी बुडाली,
ड्रायव्हर लिहिणारा कुठल्या देशात गेला कोण जाणे,
लिहिला तो बत्तीसपुरता.
चौसष्टवालीच्या दारात हा उभा राहील,
आपलं नाव सांगेल,
आणि ती म्हणेल, यादीत नाही.

अकराशे निगेटिव्ह आहेत.
ट्रकच्या कारखान्यात ओतार फोटो काढायचा,
यंत्रांचे काढायला ठेवलेला, माणसांचे काढायचा.
जेवणाच्या सुट्टीत लोखंडावर झोपलेले वेल्डर.
बोल्टांनी भरलेली एका बाईची ओंजळ.
गेटाबाहेर बर्फात रुतलेली बस
आणि ती ढकलताना हसणारे सगळे, एकजण सोडून.
सातशे अजून डब्यात आहेत, काळ्यावर पांढरे.

मी खरं तेच सांगितलं: तीनच घाला,
अंथरूण पाहून पाय पसरावेत, पैसे वाचतील.
(भाचा साबा मागून खाकरला.
दुकानाचं भाडं त्यालाही माहीत होतं.)

त्या म्हणाल्या, आमच्या घरात तीन खोल्या.
नोव्हेंबर ते मार्च एका खोलीला कुलूप,
तापवायला लाकूड नाही म्हणून.
ती काय घर नाही?
चार घाल.

मी आधी पत्र्याला हात लावला, अंगातली वीज उतरवायला.
दोन-दोनच्या दोन पट्ट्या.
खिट्ट्या बसल्याचा आवाज झाला, टक्, टक्.
बटण दाबलं.

विंडोज जागी होण्याआधी
काळ्या पडद्यावर क्षणभर मोजदाद येते.
तेव्हा अजून कुणी मालक आलेला नसतो.
चार हजार शहाण्णव, पांढऱ्या अक्षरांत.
मग निळा पडदा, मग खुणा,
मग माहितीच्या पानावर, शांतपणे, सव्वातीन.

त्या म्हणाल्या, पुन्हा चालू कर.
केलं.
आणखी एकदा.
साबा हसायचा थांबला तिसऱ्या वेळी.

निघताना मी म्हणालो, सातशे उरकले की या,
चौसष्ट टाकू, पाऊणही दिसेल तेव्हा.
हो, म्हणाल्या, आणि तेव्हा त्यात भरायचं काय?

मला काही सुचलं नाही.
साबानं डबा शालीत गुंडाळला, गाठ उलटी मारली.
त्यांनी ती सोडली, आणि स्वतः बांधली.