सुटं रबर

शहापुरात चनबसूनं काउंटरवर तीन पंप मांडले.
एक देखणा, निळा दिवा वगैरे.
एक स्वस्तातला. तिसरा
झिजल्या साबणवडीसारखा, करडा, जड.

बावीस वर्षं उद्यमबागेत लेथवर गेली माझी,
डोळ्यांनी मशीन घेत नाही मी.
एकेक चालू करून तळहातावर धरला.
देखणा थरथरत होता, ताप चढलेल्या पोरासारखा.
स्वस्तातला खाली ठेवला तर काउंटरवरून चालायलाच लागला.
करडा नुसता गुणगुणला,
फौंड्रीतला ब्लोअर लांबून ऐकू यावा तसा.

"उघडतोय काय हा?"
चनबसूनं चार स्क्रू काढले. आत
नखाएवढं काळं रबर. वरखाली, वरखाली.
"हेच फाटतंय बघा. ह्याचं सुटं मिळतंय.
बाकीचे चिकटवलेत. मेले की मेले."
मग आतल्या पोऱ्याला कन्नडात काही बोलला,
त्यातला एक शब्द कानात राहिला: गाळी.
त्यांच्यात वारा.
आमच्यात गाळ म्हटलं की तळाशी बसतो.

दोन रबरं जादा घेतली.

घरी गार्गीनं पंप टाकीपेक्षा उंच फळीवर ठेवला,
लाईट गेली तर पाणी नळीतून उलटं येऊ नये म्हणून.
मी सांगायच्या आधीच.

रात्री दीडला लाईट गेली.
गुणगुण थांबली आणि मी उठून बसलो,
कारखान्याला कुलूप लागलं त्या आठवड्यात
उठायचो तसाच.
काचेपाशी टॉर्च धरला.
तांबड्या माशानं तोंड उघडलं, मिटलं.
पुडीतली रबरं उगाच मोजली.
दोन.