सोडलेलं पान

मेडिकलच्या तेवीस नंबर वॉर्डात
कूलर नुसता घरघरतो, गार करत नाही.
छबुताईच्या उशाशी बसून मी वाचते
बर्डीच्या फुटपाथवरून वीस रुपयांत आणलेली कादंबरी :
दोन जावा, एक चूल,
मधल्या भिंतीचा खटला.

नऊ वर्षं आम्ही बोललो नव्हतो.
सलाइनच्या थेंबाथेंबानं
मी एकेक ओळ पुढे सरकते.

धाकटी थोरलीच्या लेकराला
दारातून उपाशी परत पाठवते, तिथे
मी दोन पानं एकदम उलटली.

डोळे मिटलेलेच होते तिचे.
"पान काहून सोडलं वो?" म्हणाली,
"वाच. मले मालूम हाय थे."

मागं आले. बोट ठेवून,
पहिलीतल्या पोरीसारखं,
एकेक अक्षर.