अंतरपाट

जालन्याच्या कॉलेजची गच्ची. वैशाख.
तस्नीम मॅडम काचेची नळी उन्हाकडे वळवतात,
आत तांब्याची पूड, थोडं पाणी,
आणि पोलादाच्या भट्टीवरून
ट्रकच्या ट्यूबमध्ये मी भरून आणलेला धूर.

"पूड संपत नाही," त्या सांगतात,
"अंतरपाट धरणाऱ्यासारखी.
लग्न लागलं, की पडद्याची घडी घालून
पुढच्या मांडवात."

त्याच भट्टीवर बापानं बावीस वर्षं
हाच धूर खोकून काढला.

साडेचारला नळीच्या बुडाशी काहीतरी चमकलं.
घाम असेल काचेचा, मी म्हणालो.
त्यांनी त्यात वात बुडवली,
काडी ओढली.

भर उन्हात ज्योत दिसेचना.
विझली, मी म्हणालो.
"हात धर वर."

धरला.
तळव्याला आधी कळलं.