टाच

औलूच्या या इस्पितळात डिसेंबरात
दुपारी दोनलाच दिवस मावळतो.
ट्रेमध्ये एक सुई, कापूस, काचेची बारीक नळी.
हात एकमेकांवर चोळून
ते ऊन होईपर्यंत मी थांबते.
ही सवय मला उशिरा लागली.

एकोणतिसाव्या आठवड्यात आलेली.
कार्डावर नुसतं: सालमेला, मुलगी, अकराशे चाळीस ग्रॅम.
बारशापर्यंत नाव कुणाला सांगायचं नाही,
इकडची रीत.

बाप बंदरावर वेल्डर. उजवी करंगळी अर्धीच.
तीनदा हात धुऊन आला
तरी पाठीमागे लपवून उभा.
'माझ्याने लागेल तिला.'
लागेल ते माझ्याने, म्हटलं. तुम्ही फक्त हात ठेवा.

थोपटू नका. कुरवाळू नका. नुसता ठेवा.
एक तळवा डोक्यावर, टोपीसारखा,
दुसऱ्यात पाय, पोटाशी मुडपून,
आत होती तशी.
टाच तेवढी मला द्या.

त्र्याऐंशी साली, मी नवी कोरी असताना,
मोठे डॉक्टर म्हणायचे, एवढ्याशा जिवाला कळतंय काय?
दुखायला आधी आठवण लागते.
आईबाप काचेपलीकडे.
मी पाय आवळून धरायचे, टोचायचे,
पट्टी लावून पुढच्या पेटीकडे वळायचे.
रडण्याने छाती मोकळी होते,
असंही म्हणायचो आम्ही, कॉफी पिताना.
किती टाचा, मोजल्या नाहीत.
अजूनही बसमध्ये कधी समोर
एखादा चाळिशीचा माणूस बूट काढून
पाय चोळत बसतो.
मी अलीकडच्याच थांब्यावर उतरते.

टोचलं.

चेहरा आक्रसला तिचा,
तोंड उघडलं, आवाज अजून वाटेत.
पडद्यावर एकशे चौऱ्याण्णव.
बापाचे खांदे हलत होते,
हात नाही.
मग तो वाकला
आणि तिच्या कानाशी एकच शब्द बोलला.
पुन्हा तोच.
एकशे ऐंशी. एकशे एकाहत्तर.
नळीत लाल रेघ हळूहळू चढत गेली.
कुठून तरी तिची मूठ वर आली,
अर्ध्या करंगळीला नेमकी पुरली.

लगेच काढू नका हात, मी म्हटलं.
तो काढणार नव्हताच.

तक्त्यात आता दुखण्याचाही रकाना असतो.
दुखलं तिला. तसं लिहिलं.
शून्य लिहायचा मोह मला आता होत नाही.
आणि वर, नावाच्या जागी,
पेन टेकवून उचललं.

बारशाला अजून पाच आठवडे आहेत.
तिची आई खालच्या मजल्यावर, टाक्यांतून उठलेली नाही,
तिलाही वाटत असेल, नाव दोघांनाच ठाऊक.
रात्री घरी जाताना बर्फात
तोंडाला मफलर घट्ट गुंडाळून
मी ते एकदाच म्हणून पाहिलं.
वाफ झाली त्याची.
कुणी ऐकलं नाही.