दारम

अक्कलकोट रोडची एमआयडीसी, शेड नंबर सत्तावीस.
दुपारी अडीचला लाइट गेली
आणि चोवीस माग एकदम गप्प झाले.
अप्पा तरीही ओरडूनच बोलले,
चाळीस वर्षांच्या खटखटीनं त्यांच्या कानात
आता नुसती खटखटच उरली आहे.
"सहा वर्षं कशावर अभ्यास केलास?
इरण्णा विचारत होता. मला सांगता येईना."

मी म्हटलं, एक कण असतो. एकटा कधीच सापडत नाही.
"तुरुंगात?"
तसंच. पण भिंत नाही.
जवळजवळ असले की अगदी मोकळे,
चहाच्या सुट्टीत शेजारी बसलेल्या कामगारांसारखे.
लांब जायला निघाले की ओढ लागते.
"लांब गेल्यावर ओढ कमी होते," अप्पा म्हणाले,
"पुण्याला गेलीस तेव्हा रोज फोन. मग रविवारी."
मी खाली बघितलं. फरशीवर सुताची कसपटं.

दिव्याचा उजेड पसरतो अप्पा, म्हणून लांबचा दिवा मंद.
ही ओढ पसरत नाही.
तिचे तंतू एकमेकांनाही धरतात,
पीळ बसून एकच सूत होतं,
आणि ते कितीही लांबवा, ताण तेवढाच:
उसानं भरलेला ट्रक टांगावा, एवढा.
इतक्याशा कणाच्या पोटात.

ते हसले. बॉबिनवरून हातभर सूत काढलं,
दोन्ही मुठींत धरलं, ताणलं,
तोडलं.
"सुटला का तुझा कण?"

मुठी उघडल्या.
डावीत एक तुकडा, दोन टोकं.
उजवीत एक तुकडा, दोन टोकं.
सहा वर्षं मी फळ्यावर जे लिहीत होते
ते त्यांच्या घट्टे पडलेल्या तळव्यांवर पडलं होतं.
तोडायला लावलेली ताकदच
नवी टोकं होऊन जन्माला येते,
पुन्हा ज्याला त्याला जोडीदार.
एका टोकाचं सूत
सोलापुरात कुठल्याच मागावर नाही.

"मग झालं की सिद्ध!"
नाही अप्पा. अजून कुणालाच जमलेलं नाही.
यंत्रात दिसतं, संगणकात दिसतं,
कागदावर शेवटची ओळ येत नाही.
"सहा वर्षांत?"
सहा वर्षांत.

घरी सुताला आम्ही दारम म्हणतो.
पहिलीत बाईंनी 'दार' काढा म्हटलं
तेव्हा मी पाटीवर एक लांब रेघ ओढली होती.
वर्ग हसला होता.
आज कुणी त्या कोठडीचं दार काढ म्हटलं
तर मी तीच रेघ ओढीन.

लाइट आली.
अप्पांनी चिमटीत दोन टोकं घेतली,
बोट ओलं केलं, गाठ मारली,
चादरीवरच्या मोराच्या पिसाऱ्यात
कुणाच्या हाताला लागणार नाही इतकी बारीक.
माग सुरू झाले. ते काहीतरी ओरडले.
मला ऐकू आलं नाही.
बहुतेक रविवारबद्दल.