मनगटापाशी उशीर

राजारामपुरी, आठवी गल्ली, तळमजला.
टेबलावर बाळगोंडांचा उजवा हात.
नखांच्या कडेला काळी रेघ,
दोनदा साबण लावूनही राहिलेली.

"हुपरीचा हाय मी. चाळीस वर्सं घुंगरं जोडली.
आता डाग देताना बोट भाजलं,
तर वास आल्यावर कळतंय."

मनगटावर मी गार जेल लावते.
"करंट देणार?"
थोडासा. तो तुमच्यात आहेच,
मी फक्त हाक मारते.

"मुलाम्याच्या टाकीत आम्ही पण सोडतो की.
पाण्यात क्षार लागतोय मात्र,
नुसत्या पाण्याला जीव नसतोय."

तेच, काका, अगदी तेच.
आत पोटॅशियम, बाहेर सोडियम,
मधे पडदा, साबणाच्या फुग्याइतका पातळ,
आणि त्याच्या दोन बाजूंत सत्तर मिलिव्होल्टचं वैर.
ते वैर राखायला पंप जागा असतो:
तीन बाहेर, दोन आत,
तीन बाहेर, दोन आत.
तुम्ही गप्प बसलात तरी
गप्प बसणं हेच आत केवढं काम.

मग तापलेली सळई लागते.
उंबरठ्याच्या अलीकडचं जागीच विझतं.
पलीकडे गेलं, की दार उघडतं,
सोडियम घुसतं, पुढच्या दाराला धक्का देतं,
मागच्या दाराला तोवर कडी,
म्हणून बातमी माघारी फिरत नाही.
मोठा चटका मोठ्यानं ओरडत नाही.
ठोका तेवढाच,
फक्त पुन्हा, पुन्हा, घाईनं.

बटण दाबते.
अंगठा आपसूक उडतो.
बाळगोंडा त्याच्याकडे बघतात,
दुसऱ्याच्या पोरानं खोडी काढावी तसे.

कोपर ते मनगट: सेकंदाला चोपन्न मीटर. झकास.
मनगट ते अंगठा: पाच पूर्णांक नऊ मिलिसेकंद.
चारच्या आत हवं होतं.
हाडांच्या त्या बोळात
नसेवरचं मेदाचं वेष्टण चेपून झिजलंय.
बातमी उड्या मारत येते
आणि इथे चिखलातून चालू लागते.

"म्हंजे तुटलं न्हाई?"
नाही. उशीर होतोय.
"मग ऱ्हाऊ दे," म्हणत ते बाही खाली घेतात.
बटण लावायला तीन वेळा चुकतात.
मी मदत करत नाही. रिपोर्ट छापते.
त्यावर लिहिते: शस्त्रक्रियेचा सल्ला घ्यावा.

संध्याकाळी चपला काढून
खुर्च्या सरकवताना पायाला काही टोचलं.
पाय आधी उचलला गेला,
मग दुखलं,
मग दिसलं, घुंगरू.