ओळ अकरा, छत्री सात

झिरो माईलच्या चार घोड्यांना वळसा घालून
गेडाम मॅडम परवा दुपारी ऑफिसात आल्या,
पारा सेहेचाळीसवर असताना,
डोक्याला ओला दुपट्टा बांधून.
मी इथे बसून लोकांना समुद्र विकते
आणि तासातासाला कूलरमध्ये पाणी ओतते.

काटोलच्या शाळेत, आठवी ब मध्ये,
इटली म्हणजे बूट, असं त्यांनीच शिकवलं.
खडू न उचलता, एका दमात काढायच्या.
टाच इतकी उंच
की मागच्या बाकावरून एक पोट्टा बोलला,
मॅडम, हा त सिनेमातल्या बाईचा हाय.
त्या हसल्या नाहीत. टाचही कमी केली नाही.

रिमिनीचं बुकिंग माझ्याच हातचं.
नऊ रात्री, एक खोली, समुद्र दिसेल अशी.
सोबत कोण, म्हणून विचारलं, फॉर्ममध्ये रकाना असतो.
म्हणाल्या, एकतीस वर्षं पन्नास-पन्नास पोरं सोबत होती.
लिही, कोणी नाही.

आता समोर बसून माठातलं पाणी पितायत
आणि सांगतायत:
तिथे वाळू भाड्यानं मिळते, बाप्पा.
छत्र्यांच्या ओळी अशा, जशी प्रार्थनेला उभी केलेली शाळा.
माझी ओळ अकरा, छत्री सात.
पहिल्या दिवशी पदर खोचून पाण्यात गेले,
शंभर पावलं मोजली, गुडघे काही भिजेनात.
पुढे एक म्हातारा उभ्यानं पेपर वाचत होता.
म्हटलं, हा समुद्र आहे का आपली जाम नदी?

तिसऱ्या दिवशी बस धरली, उलट्या दिशेची.
ड्रायव्हर हातानं विचारत होता, बीच? बीच?
मी हातानंच सांगितलं, तिकडं नाही, वर.

वर गव्हाची शेतं, कापून झालेली,
तशीच टोचरी खुंटं, तोच पिवळा.
टेकडीवर किल्ला, किल्ल्याखाली गाव,
आणि गाव एक ते चार कडेकोट बंद.
मला वाटलं, मे महिन्यातल्या महालात आले.
एक कुत्रं, एक नळ.
एका दारात एक बाई शेंगा सोलत बसली होती.
तिनं बघितलं, आणि पायरीवर जरा सरकली.

कसल्या शेंगा, मॅडम?
वालासारख्या. पण जाड. आतून कापूस लावल्यासारख्या.
ती काहीतरी बोलली, मी काहीतरी बोलले,
तिनं तिच्या भाषेत, मी माझ्या आईच्या गोंडीत.
(मराठी का नाही, कोण जाणे. तोंडात तीच आली.)
टोपलं भरलं तेव्हा सावली पायरीवरून उतरली होती.
मग ती मला किल्ल्याच्या भिंतीपाशी घेऊन गेली
आणि बोट दाखवलं.
लांब खाली समुद्र,
डस्टरनं पुसूनही फळ्यावर राहते ना रेघ, तसा.
दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तिसऱ्याही.

त्यांनी माझी पेन्सिल घेतली.
एका जुन्या व्हिसा फॉर्मच्या मागे बूट काढला,
थांबत थांबत, खोडत, चष्मा वर करत.
टाच बरीच खाली आली.
मग मागच्या बाजूला, पोटरीपाशी, टिंब.
हे इथे. हा भाग मी तुम्हाला नीट शिकवलाच नाही गं.
पंजा आणि टाच काढायची घाई.
तास पस्तीस मिनिटांचा.

उठताना पर्समधून पावती काढली.
छत्रीचे पैसे नऊ दिवसांचे घेतलेत,
बसले दोनच दिवस.
काही परत मिळतं का बघ.

मिळत नसतं, हे मला माहीत आहे.
त्यांनाही असावं.
तरी त्या गेल्यावर कूलरमध्ये पाणी ओतलं,
कळफलक पुसला, आणि मेल लिहायला घेतला:
ओळ अकरा, छत्री सात.
गेडाम, दमयंती.
सात दिवस गैरहजर.
कारण: शेंगा सोलत होत्या.